मिंट कॅप्सूलवाली सिगरेट: पाकीट उलटसुलट करून बघितलं, आत काय घातलंय ते कुठेच नाही

रेटिंग: 1 स्टार

मी स्वतः ओढत नाही. भाचा सावंतवाडीला कॉलेजला आहे, सुट्टीत आमच्याकडे वेंगुर्ल्याला आला आणि त्याच्या पँटच्या खिशात हे पाकीट मिळालं. विचारलं तर म्हणतो कसा, "मामी, ही हार्ड नाय, मिंटची आसा." एवढ्या एका वाक्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय.

एक सिगरेट मोडून बघितली. फिल्टरमध्ये बारीक गोळी असते, बोटांनी दाबली की टक्कन फुटते आणि बाम लावल्यासारखा वास येतो. मेन्थॉलच तो, पुदिन्यातला गार करणारा पदार्थ. घसा गार पडतो, धूर टोचत नाही, त्यामुळे पहिल्यांदा ओढणाऱ्याला जो ठसका लागून पोरगं तिथंच थांबलं असतं तो ठसकाच लागत नाही आणि धूर सरळ आत जातो. निकोटीन तेच, टार म्हणजे धुरातला चिकट काळा अंश तोही तेवढाच, फक्त शरीर जी सूचना देतं ती दाबून टाकलेली.

आता माझा राग कुठे आहे ते सांगते. माझा घरगुती कोकमचा धंदा आहे, आगळ आणि सरबत. आगळात काय असतं, कोकमाचा रस आणि मीठ, तरी बाटलीवर घटक लिहावे लागतात, वजनाने जास्त असेल ते आधी, मग एफएसएसएआयचा म्हणजे अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर, हिरवा ठिपका, तारीख, बॅच, सगळं. एकदा बॅच नंबर छापायचा राहिला तर दुकानदाराने अख्खा बॉक्स परत पाठवला, आणि बरोबरच केलं त्याने, लोकांच्या पोटात जाणारी वस्तू आहे. मग छातीत जाणाऱ्या वस्तूला ही यादी का नको? या पाकिटावर 85 टक्के जागेत धोक्याचं चित्र आणि इशारा आहे, क्विटलाइनचा म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनचा नंबर आहे, किंमत आहे, पण तंबाखूशिवाय आत काय काय आहे याबद्दल एक अक्षर नाही. साखर घालतात, ती जळली की अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं घातक रसायन तयार होतं. अमोनियाची संयुगं घातली की निकोटीन मोकळं होतं. यातलं या पाकिटात काय आहे, मला कसं कळणार?

2003 च्या आपल्याच तंबाखू कायद्यात, कलम 7 मध्ये, निकोटीन आणि टार किती ते पाकिटावर लिहायचं म्हटलंय. मी चष्मा लावून शोधलं, नाही सापडलं. 2004 मध्ये भारत डब्ल्यूएचओच्या तंबाखू कराराचा सदस्य झाला, त्यातलं कलम 9 आणि 10 याच गोष्टीसाठी आहे, आत काय घालता त्यावर नियम करा आणि ते लोकांना सांगा. अमेरिकेने 2009 लाच चॉकलेट, लवंग असले फ्लेवर बंद केले पण मेन्थॉल सोडलं, तिथेच चुकलं असं मला वाटतं. युरोपियन युनियनने मे 2020 पासून मेन्थॉलसुद्धा बंद केलं आणि फिल्टरमध्ये फ्लेवरची कॅप्सूल ठेवायलाही तिथे मनाई आहे. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं. पुदिना काढला म्हणून सिगरेट चांगली होत नाही हे मलाही कळतं, जळणारा तंबाखू हेच मूळ विष आहे, पण पोरांना आत ओढायचा रस्ता तरी बंद होईल.

विक्रीबद्दल पण लिहिते. भाच्याने सुरुवात सुट्या सिगरेटने केली, कॉलेजजवळच्या टपरीवरून. राज्यात सुटी विक्री सप्टेंबर 2020 पासून बंद आहे, आणि शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत विकायचीच नाही. सुटी घेतली की ते चित्र पण दिसत नाही, हातात नुसती पांढरी कांडी.

पाकिटावरच्या 1800-11-2356 ला मात्र चांगलं म्हणेन, फोन फुकट आहे. मी समोर बसून त्याला लावायला लावला, पंधरा मिनिटं बोलला, आधी तुटक तुटक आणि मग नीट. परत फोन येणार आहे, तोपर्यंत पाकीट माझ्याकडे, लेबलांच्या डब्यात.