जेझुइट की कायपरपंथी? मुलीच्या दोन शाळा

दोन्ही शाळा ख्रिस्ती, दोन्हींत सकाळी प्रार्थना, दोन्हींचे निकाल चांगले. तेव्हा ते सोडून देतो. आमची मुलगी दोन वर्षं एकीत होती, आता दुसरीत आहे. खरा फरक मला तिच्या वह्यांतून कळला.

पहिली शाळा अब्राहम कायपर या डच प्रोटेस्टंट धर्मपंडिताच्या परंपरेतली. आयुष्याचा एकही कोपरा ख्रिस्ताच्या सत्तेबाहेर नाही, हा त्याचा आग्रह. 1880मध्ये ॲमस्टरडॅमला त्याने विद्यापीठ काढलं तेही याच पायावर. म्हणून तिथे धर्म एका तासापुरता नसतो, प्रत्येक विषय उत्पत्ती, पतन, तारण या चौकटीतून येतो. इतिहासात हे फार छान जमतं. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, तर त्याची किंमत लावणारे तुम्ही कोण? आणि हेच बायबल हातात धरून ती लावली कशी? गुलामगिरीच्या धड्याला बाईंनी हे दोन्ही प्रश्न शेजारीशेजारी लिहून दिले होते. मला कोणी असा इतिहास शिकवला नाही.

घोडं अडलं गणितात. प्रत्येक धड्याखाली एक रकाना: 'हे कोणत्या वचनाशी जुळतं?' अपूर्णांकांना पाच भाकरी आणि दोन मासे. एकदा बघतो तर रकाना भरलेला, गणितं कोरी. "बाबा, बाई आधी वचनच बघतात," ती म्हणाली. कायपरला हे अभिप्रेत नसावं, आणि सगळ्याच शाळांत असं असेल असंही नाही. पण तो रकाना रोज संध्याकाळी माझ्या डोक्यात जायचा.

दुसरी शाळा जेझुइटांची, म्हणजे इग्नेशियसने स्थापलेल्या कॅथलिक धर्मसंघाची. त्यांची शिस्त जुनी, 1599च्या 'रेशिओ स्टुडिओरम' या शिक्षणाच्या नियमावलीपासूनची. हल्लीची मांडणी 1993ची: संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती, मूल्यमापन. कागदावर हे कुठल्याही प्रशिक्षण शिबिरातलं वाटतं. प्रत्यक्षात गणिताच्या तासाला गणितच असतं, आणि शाळा सुटण्याआधी पाच मिनिटं डोळे मिटून दिवस आठवायचा: कशाबद्दल आभार, कुठे चुकलं. इग्नेशियसच्या आत्मपरीक्षणाचं हे मुलांना झेपेल असं रूप. परवा जेवताना मुलगी म्हणाली, "आज मी एकीला मुद्दाम चुकीचं उत्तर सांगितलं." कोणी काही विचारलं नव्हतं.

उणं आहेच. श्रद्धा आणि विषय यांचा सांधा इथे बराचसा मुलावर सोडलेला असतो, काहींचा तो जुळतही नाही. विचारांची एकसंध चौकट हवी असेल तर कायपरपंथी शाळा जरूर बघा. प्रवेशाआधी तिथल्या एखाद्या मुलाची गणिताची वही मात्र मागून घ्या.