रान राखायचे पैसे: थोडे आधी की सगळे पाहणीनंतर?

चिपळूणच्या आसपास ज्यांचं डोंगरउताराला रान आहे आणि ‘वणवा लागू देऊ नका, वर्षाला अमुक रक्कम देतो’ असा करार ज्यांच्यापुढे आलाय, त्यांच्यासाठी लिहितोय. आम्ही दोन्ही तऱ्हेचे करार केले. सातबारावरच्या सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या दोन्हीकडे लागतात. मुंबईकरांना गणपतीतच गाठा.

पहिल्यात पावसाच्या तोंडावर पाहणी होते आणि रान जळलेलं नसेल तर पूर्ण पैसे मिळतात. रक्कम मोठी असते, देणाऱ्याचंही नुकसान नाही. दुसऱ्यात काही भाग दिवाळीनंतर, उरलेला पाहणीनंतर. आम्हाला मिळालेला एकूण आकडा जरा कमीच होता.

घोडं अडलं ते जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायच्या मोकळ्या पट्ट्यावर. गवत वाळलं की वणव्याचे दिवस यायच्या आत रानाच्या कडेचा पट्टा बेणून पालापाचोळा ओढून काढावा लागतो. नेमकी तेव्हाच आंब्याची फवारणी, काजूची साफसफाई. गडी मिळत नाही. मिळाला तर संध्याकाळी रोख मजुरी मागतो, आणि ते रास्तच आहे. त्याला ‘जूनमध्ये देतो’ कुठल्या तोंडानं सांगायचं? पहिल्या कराराच्या वर्षी पट्टा अर्धाच निघाला. शेजारच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, आलेली आग तिथूनच आत शिरली. रक्कम गेली, काजूची कलमंही गेली.

धूर तर सगळ्यांचाच. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा तो वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरवतो आणि थंड पहाटे तो तिथेच कोंडून राहतो. शहरात बहिणीच्या गॅलरीतल्या कपड्यांवर जळक्या गवताच्या काळ्या काड्या पडल्या होत्या. तिच्या दमेकरी सासऱ्यांना त्रास देतात ते मात्र डोळ्यांना न दिसणारे कण.

पंजाबात २०१९ साली संशोधकांनी भाताचा पेंढा न जाळण्यासाठी असेच दोन करार शेतकऱ्यांपुढे ठेवले होते. सगळे पैसे शेवटी देण्याचा फारसा उपयोग झाला नाही. थोडे आगाऊ दिले तिथे न जाळणाऱ्यांचं प्रमाण शंभरात साधारण १०ने वाढलं. आगाऊ घेऊनही काहींनी जाळलंच, ही देणाऱ्याची भीती खोटी नाही.

घरची माणसं पट्टा काढू शकत असतील तर पहिला करार परवडेलही. आमच्यासारखं मजुरीवर अवलंबून असाल तर मी दुसराच घ्या म्हणेन. फक्त आगाऊ रकमेची तारीख मार्गशीर्षाच्या आतली आहे ना, ते सही करण्याआधी कागदावर बघा.