ब्रिटनमधल्या कुलगुरू-शोध सेवा: पैसे कशाचे मोजायचे?

विद्यापीठांना शुल्क घेऊन कुलगुरुपदाचे उमेदवार शोधून देणाऱ्या या शोधसंस्था कागदपत्रं, गोपनीयता, वेळापत्रक यांत चोख. वांशिक वैविध्यात मात्र बऱ्याचदा ढिल्या, कारण फोन फिरतात ते जुन्याच यादीतल्या लोकांना. त्यात 'प्र-कुलगुरूपदाचा अनुभव आवश्यक' ही अट घातली, की कृष्णवर्णीय आणि आशियाई उमेदवार चाळणीतच गळतात. त्याऐवजी किती बजेट, किती माणसं सांभाळली ते विचारा. लंडनमधल्या सोआस या विद्यापीठाने २०१५मध्ये नेमलेल्या व्हॅलरी एमॉस, ब्रिटिश विद्यापीठाच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला प्रमुख, संयुक्त राष्ट्रांतून आल्या होत्या!

करारात शोधसंस्थेच्या शुल्काचा दुसरा हप्ता अर्ज, प्राथमिक यादी, मुलाखत या प्रत्येक टप्प्याच्या वांशिक आकडेवारीशी बांधा. गळती नेमकी कुठे होते ते तिथेच दिसतं. कोटा मागू नका. इक्वॅलिटी ॲक्ट २०१० या ब्रिटनच्या समानता कायद्याच्या कलम १५९नुसार उमेदवार तुल्यबळ असतील, तरच कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटातल्या व्यक्तीला झुकतं माप देता येतं.