चुकीच्या राज्यात कापलेला कर आणि कर-सॉफ्टवेअर: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

परवा पेन्सिल्व्हेनियाकडून परताव्याची रक्कम खात्यात जमा झाली, म्हणून जानेवारीत विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरविषयी आता जरा शांतपणे लिहिता येईल. त्याचे नाव देत नाही. केंद्रीय विवरणपत्राबाबत तक्रार करण्यासारखे काही नाही, ते पाऊण तासात झाले. प्रश्न आला तो राज्यांच्या विवरणपत्रांत, आणि मूळ चूक तर मी नोकरी करतो त्या कंपनीची होती.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि कचेरी डेलावेअर नदीपलीकडे, पेन्सिल्व्हेनियाच्या बक्स काउंटीत आहे. या दोन राज्यांत परस्पर करार असल्यामुळे माझ्यासारख्याच्या पगारावरचा कर फक्त राहत्या राज्याला देय असतो, मात्र त्यासाठी पेन्सिल्व्हेनियाचा कर पगारातून कापू नये असा आरईव्ही-४१९ हा अर्ज कर्मचाऱ्याने कंपनीकडे द्यावा लागतो. मी तो रुजू होतानाच दिला होता. पगार विभागात तो कोणत्या फायलीत जाऊन बसला, ते आजतागायत कळलेले नाही. वर्षभर पगारपत्रकावर कराच्या ओळीत ‘पीए’ (म्हणजे पेन्सिल्व्हेनिया) ही दोन अक्षरे छापून येत होती आणि मी मात्र तळाचा हाती येणारा आकडा पाहून कागद मिटत होतो. वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कंपनीचा दाखला, म्हणजे डब्ल्यू-२, हाती आला तेव्हा पंधराव्या चौकटीत पीए, सोळाव्या चौकटीत ९०,००० डॉलर आणि सतराव्या चौकटीत त्याचे ३.०७ टक्के, म्हणजे २,७६३ डॉलर होते. न्यू जर्सीचा उल्लेखही नव्हता.

दुरुस्त डब्ल्यू-२ मागितल्यावर पगार विभागाने कळवले की कर खरोखरच कापून भरलेला असल्याने दुरुस्तीचा प्रश्न येत नाही, परतावा आपणच मागावा. उत्तर उद्धट होते, पण पैसे खरोखरच त्या राज्याच्या तिजोरीत पोहोचले होते, त्यामुळे वाद घालायला जागा उरली नाही.

आता सॉफ्टवेअर. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात प्रत्येक राज्यापुढे एक आकडा सतत दिसत असतो. मी डब्ल्यू-२ भरताच न्यू जर्सीपुढे हिरवे शून्य आले, म्हणजे देणे नाही. या हिरव्या शून्याने मला दोन दिवस गाफील ठेवले. सॉफ्टवेअरने पेन्सिल्व्हेनियाचा कर रास्त धरून एनजे-सीओजे हे परिशिष्ट आपणहून भरले होते आणि दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराची सवलत न्यू जर्सीत घेतली होती. पेन्सिल्व्हेनियाला या पगारावर कर घेण्याचा अधिकारच नसल्यामुळे न्यू जर्सी अशी सवलत देत नाही. (फिलाडेल्फिया शहराचा वेतनकर या कराराबाहेर आहे आणि त्याची सवलत मिळते, पण माझी कचेरी शहरात नाही.) ते शून्य तसेच पाठवले असते, तर न्यू जर्सीने पुढे सुमारे दोन हजार डॉलर व्याजासह मागितले असते आणि पेन्सिल्व्हेनियाचे २,७६३ तिथेच राहिले असते.

पंधराव्या चौकटीतले पीए खोडून एनजे लिहावे, असा मोह मलाही झाला. पण मग जी रक्कम न्यू जर्सीला कधी मिळालीच नाही, ती तिच्याकडे जमा असल्याचे दाखवल्यासारखे झाले असते. डब्ल्यू-२ जसा आहे तसाच भरायचा, पीए-४० या पेन्सिल्व्हेनियाच्या विवरणपत्रात अनिवासी म्हणून तिथले वेतन शून्य दाखवायचे आणि कापलेला सगळा कर परत मागायचा, हा योग्य मार्ग.

एप्रिलमध्ये हे लिहिले असते तर एक तारा दिला असता. हा मजकूर लिहिण्यापूर्वी जुनी फाइल पुन्हा उघडली, तेव्हा दिसले की पेन्सिल्व्हेनियाच्या दुसऱ्याच पानावर ‘आपण करार असलेल्या राज्याचे रहिवासी आहात का’ असे स्पष्ट विचारलेले होते आणि मी ‘नंतर पाहू’ दाबून पुढे गेलो होतो. तिथे खूण केली असती तर आकडे पहिल्याच दिवशी बरोबर आले असते. म्हणून अर्धी तक्रार मागे घेतो. उरलेली अर्धी अशी, की उत्तर मिळण्याआधीच हिरवे शून्य दाखवण्याचे कारण काय? प्रश्न अनुत्तरित असेल तर ती जागा कोरी ठेवावी.

दुसऱ्या राज्याच्या विवरणपत्राचे ४५ डॉलर वेगळे पडले. ज्या राज्याचे मी एका पैशाचेही देणे लागत नव्हतो, त्याच्यासाठी हा खर्च, याचा सल अजून आहे. शिवाय १५ एप्रिलपर्यंत न्यू जर्सीची रक्कम बचतीतून भरावी लागली, आणि पेन्सिल्व्हेनियाने न्यू जर्सीच्या विवरणपत्राची प्रत पत्र पाठवून मागवली. ती सोबत जोडायची असते, हे सॉफ्टवेअरने कुठेही सुचवले नव्हते.

नवा आरईव्ही-४१९ मी या वेळी पोच घेऊन दिला आहे. मेपासून पगारपत्रकावर ‘एनजे’ येते आणि ती ओळ आता मी चष्मा लावून पाहतो. तीन तारे देतो. पुढच्या वर्षीही हेच सॉफ्टवेअर घेईन, पण एकाच राज्याचे.