शंभर डॉलरचा लॅपटॉप: यंत्र चोख, व्यवहार अवघड

गरीब देशांतील मुलांना स्वस्त लॅपटॉप देण्यासाठी निघालेल्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या योजनेचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप कडक उन्हातही वाचता येतो आणि त्याचा रबरी कीबोर्ड धुळीला दाद देत नाही. मात्र तो दुकानातून एकेकट्याने घेण्याची वस्तू नव्हती, कारण सरकारांनी लाखोंच्या संख्येने मागणी नोंदवावी, अशीच मूळ अपेक्षा होती. त्यातच शंभर डॉलरचा वायदा २००७ मध्ये १८८ डॉलरवर गेला. भारताने २००६ मध्येच नकार दिला (तरी रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत चाचणी झालीच). उरुग्वेने मात्र रीतसर निविदा काढून, आधी एका गावात प्रयोग करून, मग एक लाख यंत्रे मागवली आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. अशा योजनेत सामील व्हायचे तर असे. पेरूने आठ लाखांहून अधिक यंत्रे घेतली, पण गणित-भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही.