क्रुसेड्सचा अभ्यासवर्ग: बाई तयारीच्या, नकाशा भिकार

टिळक रस्त्याजवळच्या एका संस्थेने क्रुसेड्सवर, म्हणजे जेरुसलेमसाठी ख्रिस्ती फौजांनी मुसलमान सत्तांशी केलेल्या मध्ययुगीन धर्मयुद्धांवर, रविवार संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेतला. फी बाराशे रुपये, चहा आपापला. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. इतिहासाच्या व्याख्यानांना जातो, पण शिवकाळाच्या अलीकडे-पलीकडे फारसा सरकत नाही. इथे बायकोने परस्पर नाव घातलं होतं.

शिकवणाऱ्या बाई मात्र तयारीच्या निघाल्या. 1095 साली फ्रान्समधल्या क्लेर्माँच्या सभेत पोप अर्बन दुसरा याने धर्मयुद्धाची हाक दिली, 1099 मध्ये जेरुसलेम क्रुसेडरांच्या हाती पडलं, हे त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात उरकलं आणि मग विचारलं, "एवढी माणसं आणि जनावरं चालत निघाली, त्यांचा दाणापाणी कोण बघणार?" तिथेच मी सावरून बसलो.

सगळ्यात रंगला तो हित्तीनच्या लढाईचा वर्ग. 1187 चा जुलै. जेरुसलेमचा ख्रिस्ती राजा गी सफुरियाच्या झऱ्यांपाशी तळ देऊन होता. पाणी भरपूर, जागा पक्की. इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाउद्दीन याने गालीलच्या तळ्याकाठच्या तिबेरियासला वेढा घातला आणि राजाच्या बाजूचा त्रिपोलीचा सरदार रेमंड, त्याची बायको आत अडकली. तरी खुद्द रेमंडच सांगत होता की गाव गेलं तर जाऊ दे, पाणी सोडू नका. राजाला पटलंही. पण रात्री टेम्पलरांचा (लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचा) म्होरक्या कानाशी लागला आणि सकाळी कूच! बाईंनी फळ्यावर एका टोकाला झरे, दुसऱ्या टोकाला गालीलचं तळं काढलं आणि मधली रेघ खडूने ठोकत राहिल्या. वाटेत तुरानला झरा होता, तोही मागे टाकला. अंगावर चिलखत, डोक्यावर ऊन, रात्र कोरड्या पठारावर. वर सलाउद्दीनच्या माणसांनी वाळलं गवत पेटवून धूर तोंडावर सोडला. 4 जुलैला सगळा खेळ संपला. मी उभ्या नोकरीत पाणी मोजलं, पण पाण्याच्या हिशेबात अख्खं राज्य बुडालेलं पहिल्यांदाच ऐकलं.

चौथ्या क्रुसेडला तर मला थेट आमचं टेंडर खातं आठवलं. व्हेनिसशी करार झाला 33,500 माणसांच्या वाहतुकीचा, रक्कम 85,000 चांदीचे मार्क. व्हेनिसने जहाजं बांधून तयार ठेवली, आणि आले त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पाचशे पानं सांगून दीडशे-पावणेदोनशे पाहुणे आले तर केटरर काय म्हणेल? तेच झालं. थकबाकीच्या बदल्यात व्हेनिससाठी 1202 मध्ये झारा जिंकून द्यायचं ठरलं, तेही ख्रिस्ती शहर. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे ख्रिस्ती बायझंटाईन साम्राज्याच्या राजधानीच्या, गादीवरच्या एका दावेदाराने पैशांचं आमिष दाखवलं, ते पैसे पुरते मिळेनात, आणि 1204 मध्ये क्रुसेडरांनी कॉन्स्टँटिनोपलच लुटलं. जेरुसलेम राहिलं बाजूला.

प्रश्नोत्तरांत एका काकांनी अपेक्षेप्रमाणे विचारलंच, "म्हणजे शेवटी चूक कोणाची?" (असे एक काका पुण्यात प्रत्येक सभागृहात फुकट मिळतात.) बाईंनी आवाज न चढवता एकेक प्रसंग मांडला. 1099 ला जेरुसलेममध्ये मुसलमान आणि ज्यूंची कत्तल. हित्तीननंतर सलाउद्दीनने पकडलेल्या टेम्पलरांची आणि तशाच दुसऱ्या पंथाच्या हॉस्पिटलरांची मुंडकी उडवली. तोच सलाउद्दीन त्याच वर्षी जेरुसलेम घेताना पुरुषामागे 10 दिनार आणि बाईमागे 5 दिनार खंडणी घेऊन लोकांना सोडतो. ज्यांना परवडलं नाही त्यांतले काही सोडले, बरेच गुलाम झाले. 1191 मध्ये आक्रे बंदरापाशी इंग्लंडचा राजा रिचर्ड याने मारलेले मुसलमान कैदी सुमारे 2,700. काकांना कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या ते ठरवता येईना. या एका उत्तरासाठी निम्मी फी वसूल.

आता तक्रारी. वाटलेला नकाशा म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. समुद्र आणि वाळवंट दोन्ही करडे, नावं इंग्रजीत आणि तीही मुंगीएवढी. पंखा आमच्या रांगेवर नव्हता. आणि मुख्य म्हणजे 1229 चा तह दहा मिनिटांत गुंडाळला. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट फ्रेडरिक दुसरा, ज्याला पोपने स्वतःच बहिष्कृत केलं होतं, तो इजिप्तच्या सुलतान अल-कामिलशी वाटाघाटी करून, मोठी लढाई न करता, दहा वर्षांसाठी जेरुसलेम मिळवतो. दोघांना तसं का परवडलं, हे मला हवं होतं. अल-कामिलचं दमास्कसच्या भाऊबंदांशी बिनसलं होतं एवढं कळलं आणि घंटा झाली. त्याऐवजी रिचर्डच्या शौर्यकथांना कात्री लावली असती तरी चाललं असतं.

आयोजकांना विचारलं, तर पुढच्या वेळी एक तास वाढवू म्हणाले, फीही वाढवू म्हणाले. पंधराशेपर्यंत हरकत नाही, त्यात नकाशा रंगीत हवा. जाणाऱ्यांनी डावीकडच्या तिसऱ्या रांगेत बसावं, तिथे पंखाही लागतो आणि फळाही दिसतो. गाडी आणू नका. वर्ग सहाला म्हणजे सहालाच सुरू होतो, आणि बाई उशिरा आलेल्यांसाठी मागचं पुन्हा सांगत नाहीत.