लेसरने नंबर गेला, पण टिकतो किती? माझा रिव्ह्यू

लेसिक करून आता बरीच वर्षं झाली, नंबर होता मायनस साडेपाच, आणि ओळखीतलं कुणीही चष्मेवालं भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "टिकतं का गं ते? की चार-पाच वर्षांत परत चष्मा?" म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकावं.

लांबचं अजून एकदम मस्त दिसतं. गाडी चालवायला, पाट्या वाचायला, टीव्हीला चष्मा लागत नाही. मध्ये एका डोळ्याला अर्धा नंबर परत आला, पण तो तपासणीत कळला, एरवी मला जाणवत नाही, फक्त रात्री पाऊस असला आणि समोरून गाड्यांचे लाइट आले की जरा फिसकटल्यासारखं होतं. पण औषधाच्या पट्टीवरची एक्स्पायरी डेट वाचायची तर हात लांब न्यावा लागतो, कारण चाळिशी लागलीये. आणि हे ऐकलं की लोक लगेच म्हणतात, बघ, उतरलं ना लेसर!

अहो नाही. लेसर काम करतं ते कॉर्नियावर, म्हणजे बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर. तो जेमतेम अर्धा मिलीमीटर जाड असतो, आणि त्यातून साधारण एका नंबरमागे १२ ते १५ मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलीमीटर) कायमचे काढून त्याचा आकार बदलतात. तेवढा भाग परत उगवत नाही. चाळिशी येते ती आतल्या भिंगामुळे, ते वयाबरोबर कडक होतं आणि जवळचं फोकस करू शकत नाही, ज्यांना जन्मात कधी नंबर नव्हता त्यांनाही ती येतेच. उलट आम्हा मायनसवाल्यांना एक सोय असते, चष्मा काढला की जवळचं बारीक अक्षर आरामात वाचता येतं, ती सोय लेसरनंतर जाते. चाळिशीच्या आसपास करणाऱ्यांना हे आधीच ठळकपणे सांगायला हवं, मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाकी नंबर थोडाफार परत येतो तो खराच. मोठा नंबर असेल तर शक्यता जास्त, कारण कॉर्निया भरून येताना वरचा थर थोडा जाड होतो. दुसरं म्हणजे घाई. अठरा-एकोणिसाव्या वर्षी डोळा अजून लांबीला वाढत असतो, तेव्हा लेसर केलं तर डोळा आपला वाढत राहणारच, त्याला लेसर काय करणार. नंबर किमान वर्षभर स्थिर हवा असं म्हणतात ते यासाठी. स्माइल करा, पीआरके करा (या लेसरने नंबर घालवायच्याच दुसऱ्या पद्धती) नाहीतर लेसिक, हा नियम सगळ्यांना सारखाच.

सर्व्हिसबद्दल. तपासणीला पैकीच्या पैकी मार्क. कॉन्टॅक्ट लेन्स आधीपासून बंद करायला लावल्या, कॉर्नियाची जाडी मोजली, नकाशा काढला (हा नकाशा न काढता कुणी थेट तारीख देत असेल तर सरळ उठून या, पातळ किंवा बेढब कॉर्नियावर लेसर केलं तर तो पुढे फुगू शकतो आणि मग नजर खरोखर बिघडते). ऑपरेशन स्वतः काही मिनिटांचं, ड्रॉप टाकून डोळा बधिर, वरून रिंग दाबली की क्षणभर सगळं काळं, मग लुकलुकत्या लाइटकडे बघत पडून राहायचं आणि नाकात जळल्यासारखा वास. दुखलं नाही. कोरडेपणा मात्र कित्येक महिने छळला, ड्रॉपची बाटली पर्समध्ये कायम, कारण कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात आणि त्या भरून यायला वेळ लागतो.

मार्क कापते ते काउन्सेलिंगला. "चष्म्याला कायमचा रामराम" असं पोस्टर आणि काउन्सेलर ताईंची टेपही तीच. नंबर परत आला तर पुन्हा लेसर करता येतं का विचारलं तर "हो हो, होतं की". अहो पण ते कॉर्निया किती शिल्लक आहे त्यावर ठरतं ना, फ्लॅपखाली (लेसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पापुद्रा कापून उचलतात, तो फ्लॅप) किमान २५० मायक्रॉन तरी उरायला हवेत असं धरतात. तुम्ही जाल तेव्हा विचारा, माझे किती उरतील, आणि दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर ते याच पैशांत का, आणि किती वर्षांपर्यंत. लेखी घ्या.

अजून एक, नंबर गेला म्हणून डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना, बदलत नाही. मोठ्या मायनसवाल्यांचा डोळा लांबट असतो, रेटिना ताणलेला असतो, तो धोका चष्मा गेल्यावरही तसाच राहतो. त्यामुळे बाहुली मोठी करून तपासणी चालूच ठेवा, आणि अचानक चमका किंवा काळे ठिपके दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

एकूण पाचपैकी चार. आणि ऑपरेशनच्या आधीचे सगळे रिपोर्ट मागून घ्या, जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना लेसर झालेल्या डोळ्याचा हिशोब चुकू शकतो, तिथे हे जुने आकडे कामाला येतात. मी फाइल मागायला गेले तर रिसेप्शनवर म्हणाले, "आता कशाला हवीये मॅडम, नंबर तर गेला ना?"